मोठ्या विमानाच्या मागची हवा

माझी एक चांगली नोकरी हवेमुळे गेली. त्या दिवशी वादळ नव्हतं, धुकं नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं आणि लोहगावच्या धावपट्टीची दोन्ही टोकं लांबून स्वच्छ दिसत होती. एवढ्या चांगल्या हवेत विमान उतरवायला मी नकार दिला, आणि नंतर त्याबद्दल माफी मागायलाही नकार दिला. आता साठी उलटली आहे. लोक म्हणतात, वयानुसार माणूस निवळतो. या एका बाबतीत मी निवळलेले नाही.

आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई पोस्टात काउंटरवर होती, त्यामुळे अर्धी पेठ तिला ओळखायची आणि उरलेली अर्धी तिला वचकून असायची. कॉलेजात असताना मला कळलं की हडपसरला ग्लायडर उडवायला शिकवतात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब तारेने ओढून ते वर सोडतात आणि मग ते नुसत्या हवेवर तरंगतं. मी सायकल काढली आणि गेले. पहिल्यांदा वर गेले तेव्हा खाली हडपसरची भाजीची शेतं आणि त्यापलीकडे मांजरी गावचा ऊस दिसला, आणि आपण आता दुसरं काही करणार नाही हे माझं ठरूनच गेलं.

ही बातमी पेठेत पसरली. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात अडवून म्हणाले, “विमान उडवतेस म्हणे. मग काल स्कूटर का ढकलत होतीस?”

“तिला पंख नाहीत म्हणून,” मी म्हटलं.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि इंजिनाच्या विमानाचं शिक्षण सुरू झालं. ते पुण्याबाहेर, एका लहानशा धावपट्टीवर. तिथे जे सर मला शिकवायचे ते मूळचे पुण्याचेच, नाना पेठेतले. त्यांच्या घरी तीन पिढ्या पत्र्याच्या ट्रंका बनवायचा धंदा. सर मात्र हवाई दलात गेले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांना शिकवायला लागले. ते कधीही आवाज चढवत नसत आणि विद्यार्थ्यांनाही ‘आपण’ म्हणत. विमानाचा वेग फार कमी झाला की शेजारून शांतपणे म्हणायचे, “आपण आता पडणार आहात.” ते ऐकून हात आपोआप हलायचा.

एका थंडीतल्या सकाळी सर आणि मी दोन माणसांचं छोटं विमान घेऊन लोहगावला उतरायला आलो. आमच्या पुढे चार इंजिनांचं एक अवाढव्य मालवाहू जेट उतरत होतं. विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने रेडिओवर नेहमीची सूचना दिली: पुढे मोठं विमान आहे, त्याच्या मागच्या हवेपासून सावध राहा. मी सूचना मिळाल्याचं सांगितलं. सरांनी पुढे बघितलं, मान डोलावली. आम्ही उतरू लागलो.

ही मागची हवा काय असते ते सांगायला हवं. मोठं विमान उडत असतं तेव्हा त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे निघतात. उभे नाहीत, आडवे. लाटणं लोळावं तसे गरगरत ते विमानाच्या मागे पसरत जातात आणि हळूहळू खाली बसतात. विमान जितकं जड आणि जितकं सावकाश, तितका भोवरा जबर. उतरताना प्रत्येक मोठं विमान जडही असतं आणि सावकाशही. वारा असला तर भोवरे लवकर मोडतात. वारा पडलेला असला तर विमान निघून गेलं तरी ते तिथेच फिरत राहतात. आणि त्यांना ना रंग ना आवाज. दुसऱ्या मोठ्या विमानाला त्यात थोडे हादरे बसतात. आमच्यासारख्या चिलटाला मात्र ते उलटं करू शकतात.

त्या सकाळी वारा जवळजवळ पडलेला होता.

आधी एक धक्का बसला, रिक्षा गतिरोधकावरून जोरात गेल्यावर बसतो तसा. मग डावा पंख खाली गेला. मी स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, उजवीकडे लोटली. पंख खालीच जात राहिला. मी स्टिक पार कडेला टेकवली, त्यापुढे ती जातच नव्हती, आणि विमान तरीही डावीकडे कलंडत राहिलं, जणू मी कुठल्यातरी दुसऱ्याच विमानाची स्टिक धरून बसले होते. समोरच्या काचेत क्षितिज उभं झालं. मग जमीन वरच्या बाजूने आत यायला लागली. एका गोठ्याचं छप्पर आणि त्यावर वाळत घातलेली गोधडी मला माझ्या कपाळाच्या वर दिसली.

“मी घेतो,” सर म्हणाले. तेवढंच.

त्यांनी इंजिनाला पूर्ण ताकद दिली, नाक जरा खाली सोडलं, आणि भोवऱ्याने आम्हाला बाहेर फेकल्याबरोबर पंख सरळ केले. आम्ही बाभळींच्या शेंड्यांवरून वर चढलो. मोठा फेरा मारून परत आलो आणि उतरलो.  सरांनी विमानाभोवती एक चक्कर मारली, पंखांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

संध्याकाळी आम्ही आमच्या धावपट्टीवर परतलो, तोवर गोष्ट आमच्या आधी पोचली होती. कँटीनमध्ये दुसरे एक प्रशिक्षक सरांना म्हणाले, “पोरगी घाबरली असेल हो. स्टिक भलतीकडे ओढली असेल.” मी तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सरांनी कप खाली ठेवला. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “अंतर कमी आहे हे मला दिसत होतं. मी विचार केला, निभेल. यांनी जे करायला हवं तेच केलं. पुन्हा कुणी हे दुसऱ्या शब्दांत सांगू नये.”

दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकांसमोरही त्यांनी तेच सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या वाट्याला उड्डाणं कमी यायची. एका वाक्यात सगळं माझ्यावर ढकलता आलं असतं, आणि सगळ्यांना ते सोयीचंही झालं असतं. मला सर म्हणाले, “टॉवर सावध करतो. पुढचं आपण ठरवायचं असतं. थांबावंसं वाटलं तर थांबा. कारण विचारणाऱ्याला कारण नंतर देता येतं.”

घरी मी आईला सगळं सांगितलं. गोधडीसकट. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने निवडून संपवली. मग म्हणाली, “पुन्हा जाणार?”

“हो.”

“मग पोळ्या जास्त करते. येताना फार भुकेलेली येतेस.”

परवाना मिळाल्यावर मला एका लहान खासगी कंपनीत नोकरी लागली. नव्वदीचं दशक होतं. खासगी विमान कंपन्या नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या. आमच्या कंपनीकडे एकच विमान होतं, दोन इंजिनांचं, सहा माणसांचं, आणि त्यात कारखानदार, पुढारी, मोठे डॉक्टर वगैरे भाड्याने फिरायचे. मालक स्वभावाने वाईट माणूस नव्हता. घाबरट होता. गिऱ्हाईक हसलं की हा हसायचा आणि गिऱ्हाईकाच्या कपाळाला आठी पडली की याला घाम फुटायचा. बाई पायलट ठेवल्याचा त्याला अभिमान वाटायचा; तो प्रत्येक गिऱ्हाईकाला माझी ओळख करून द्यायचा, मी ऐकत असतानाच “एकदम सेफ आहेत हो” असंही सांगायचा.

त्या दिवशी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांना पुण्याला आणायचं होतं. पुण्याहून त्यांना दिल्लीचं विमान गाठायचं होतं. साखरेच्या भावासंबंधी तिथे बैठक होती. अध्यक्ष धावपट्टीवर उशिरा आले, कारण कारखान्याच्या दारात त्यांचा सत्कार चालला होता. गळ्यात हार तसाच होता. मला बघून थबकले, मालकाच्या माणसाकडे वळून म्हणाले, “ह्या उडवणार?” तो म्हणाला, “हो साहेब.” अध्यक्षांनी हार काढून त्याच्या हातात दिला आणि विमानात येऊन बसले. माझ्या अगदी मागे.

सासवड ओलांडून आम्ही पुण्याजवळ आलो तेव्हा दिल्लीला जाणारं जेट नुकतंच उतरायला निघालं होतं. तेच विमान इथे माणसं उतरवून, नवी घेऊन परत दिल्लीला जाणार होतं. टॉवरने मला त्याच्या मागे यायला सांगितलं आणि तीच जुनी सूचना दिली. मी वाऱ्याची दिशा विचारली. वारा अगदी हलका होता, आणि मागून जरासा तिरका. यापेक्षा वाईट वारा नाही. भोवरे मोडायला तो पुरत नाही, मात्र त्यांना पुढे ढकलत नेमका जिथे आपण चाकं टेकवणार तिथे आणून बसवायला पुरतो. एरवी मोठ्या विमानाच्या वाटेच्या वरून येऊन, ते जिथे टेकलं त्याच्या पुढे उतरण्याची युक्ती असते. त्या वाऱ्यात तिचाही भरवसा नव्हता.

मी टॉवरकडे थांबायची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. मी विमान मांजरीच्या उसावर वळवलं आणि फेरी मारायला लागले.

अध्यक्ष पुढे वाकले. “बाई, त्ये बघा, माझंच इमान उतरतंय. त्याच्या मागनं चला की.”

“त्याच्या मागची हवा खराब आहे. जरा थांबून जाऊ.”

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. “कुठं खराब हाय? ऊन पडलंय.”

“दिसत नाही ती.”

“दिसत न्हाई, मग कळली कशी?”

या प्रश्नाचं उत्तर विमान चालवता चालवता देण्यासारखं नव्हतं. मी दिलं नाही. एक फेरी पुरी होतेय तोच मुंबईहून आलेलं दुसरं जेट टॉवरने आमच्या पुढे घातलं. त्यात टॉवरचं काही चुकलं नव्हतं. मीच जागा सोडली होती. पण आता त्याच्याही मागे अंतर ठेवणं आलं. मी आणखी फेऱ्या मागितल्या. मागून अध्यक्षांचा आवाज चढत गेला. आधी घड्याळाबद्दल बोलले, मग बैठकीबद्दल, मग मालकाबद्दल. शेवटी म्हणाले, “आमचा जीपचा डायवर बरा. घाबरत तरी न्हाई.”

मी घाबरले होते, हे खरं आहे. मला ते गोठ्याचं छप्पर आठवत होतं. पण भीतीने माझं डोकं चालेनासं झालं नव्हतं; उलट त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बरं चालत होतं. माझ्या मागे बसलेल्या माणसाची बैठक माझ्या ताब्यात नव्हती, त्याचा जीव होता. मी म्हटलं, “साहेब, पट्टा घट्ट करा आणि मागे टेकून बसा. मी सांगेन तेव्हा उतरू.”

मला हवं होतं तेवढं अंतर पडल्यावर आम्ही उतरलो. साधं, सरळ, एकही हादरा न बसता. दिल्लीच्या विमानाचा काउंटर बंद झाला होता. अध्यक्षांच्या माणसाने तिथे पुष्कळ रदबदली केली, पण उपयोग झाला नाही.

दुपारी मालकाचा फोन आला. अध्यक्ष मांजरीला ऊस संशोधनाच्या जागेजवळ एका विश्रामगृहात उतरले होते, आणि आम्ही दोघांनी जाऊन त्यांची माफी मागायची होती. मी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “जायचं तर जेवून जा. उपाशीपोटी माणूस नको ते कबूल करतं.”

मालक गाडी घेऊन आला. हडपसरच्या गर्दीतून जाताना तो मला सारखं समजावत होता. “तुम्ही काही बोलू नका. फक्त सॉरी म्हणा. माणूस मोठा आहे, विसरून जाईल. आपला वर्षाचा धंदा आहे तो.”

“सॉरी कशाबद्दल म्हणू?”

“उशिराबद्दल.”

“उशीर हारांमुळे झाला.”

“अहो मॅडम,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “हार त्यांचे होते.”

अध्यक्ष व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मालकाने दोन्ही हात जोडले आणि तो बरंच काही बोलला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “आपली बैठक बुडाली याचं मला वाईट वाटतं. पण मी माफी मागायला आलेली नाही.”

“मग कशाला आला?”

“सकाळी आपण विचारलंत ना, दिसत नाही तर कळलं कसं. तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते.”

आणि मी सांगितलं. भोवरे कसे निघतात, कुठे बसतात, तो वारा का वाईट. मी एकदा त्यात सापडले होते तेही सांगितलं. मालक खाली फरशीकडे बघत होता. अध्यक्षांनी मात्र मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “म्हंजी सकाळी त्याच्या मागनं गेलो असतो, तर पडलो असतो?”

इथे एक खोटं बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ‘हो’ म्हणायचं होतं नुसतं. त्यांचा जीव मी वाचवला असं झालं असतं, कदाचित एखादा सत्कार मलाही मिळाला असता.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “बहुतेक काहीच झालं नसतं.”

“काहीच झालं नसतं,” त्यांनी सावकाश म्हटलं. “आणि त्यासाठी तुम्ही माझी दिल्ली बुडवली.”

“हो. आणि उद्या तसाच वारा असला तर उद्याही बुडवीन.”

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. रागाने नाही, बाजारात एखाद्या जनावराची किंमत मनातल्या मनात करावी तसं. मग मालकाकडे वळून म्हणाले, “खरं बोलत्यात. पर पुढच्या टायमाला मला दुसरा पायलट द्या.”

 परतताना नारायण पेठेच्या तोंडाशी गाडी थांबवून मालक म्हणाला, “उद्यापासून येऊ नका.” त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. जिने चढून वर गेले, आईला सांगितलं. तिने विचारलं, “म्हणालीस का सॉरी?”

“नाही.”

“बरं झालं. नोकरी आणि मान, दोन्ही गेलं असतं.”

पुढचे महिने वाईट गेले. पुण्यात त्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखायचे, आणि मी जिथे जाईन तिथे ती गोष्ट माझ्या आधी जाऊन बसलेली असायची. ‘त्या का? त्या हवेत घिरट्या घालत बसतात.’ एकाने तर मुलाखतीत हसत हसत विचारलं, आज वारा कसा आहे. मी त्यालाच विचारलं, खिडकी उघडता का, सांगते. ती नोकरी मिळाली नाही. रविवारी मी हडपसरला जाऊन ग्लायडर उडवायचे, कारण तिथे कुणी कुठे पोचायच्या घाईत नसायचं. नाना पेठेत सरांकडेही गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घरातल्यांना खिमा गरम करायला सांगितला आणि म्हणाले, “आपल्याला नोकरीवरून काढलं. मला काढलं नव्हतं. आपण माझ्यापेक्षा पुढे गेलात.” मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

शेवटी एका मोठ्या विमान कंपनीत घेतलं. तिथे कुणी काही विचारलं नाही. त्यांना माणसं हवी होती. बरीच वर्षं मी जेट उडवली, पुढे कॅप्टन झाले. लोहगावला जेट उतरवताना आमच्या मागे एखादं छोटं विमान असलं आणि ते रेडिओवर थांबायला वेळ मागताना ऐकू आलं, की शेजारचा तरुण सहवैमानिक कधी कधी हसायचा. “आपल्याला काय मॅम, वी आर अहेड.” मी त्याला सांगायचे, हसू नकोस, तो शहाणा आहे, त्याच्या वाटेत आपण काय सांडलंय ते त्याला माहीत आहे आणि तुला नाही. एकदोघांना ते पटलं. बाकीच्यांना मी खडूस वाटले. वाटू दे.

गेल्या वर्षी कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते, तिथे माझा तो जुना मालक भेटला. पार म्हातारा झाला आहे, कंपनी कधीच बंद पडली. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. नातवंडं, गुडघे, रस्त्यांवरचे खड्डे, सगळं बोलून झालं. मग मसालेभात वाढायला आला तेव्हा तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही उतरला असतात ना मॅडम, तर काही झालं नसतं.”

“बहुतेक नसतंच झालं,” मी म्हटलं.

“मग? अजूनही तुमचंच खरं?”

“अजूनही माझंच खरं.”

तो मान हलवत हसला, आणि वाढप्याला म्हणाला, “यांना भात जास्त वाढा. या पानावरूनही लवकर उठत नाहीत.”